कडेवरचा मुक्काम

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आधी दिसते ती एक मोठी, उजेडाने भरलेली खोली. कॉलेजच्या इमारतीचा तळमजला. फरशीवर निळ्या रबरी चटया एकमेकींत दात अडकवून पसरलेल्या. एक बुटकी पायरी, एक लाकडी उतार, एक कापडी बोगदा. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंजचे तुकडे चिकटवलेले. छताजवळ चारी कोपऱ्यांत मुठीएवढे काळे कॅमेरे. या खोलीत बूट-चपला घालून यायला मनाई, त्यामुळे जो तो मोज्यांवर. पावलांचा आवाज म्हणून नाही.

आणि या सगळ्या मऊ मांडणीच्या मधोमध, लहान मुलांसाठी केलेल्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन बसलेला एक ताठ म्हातारा माणूस. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, म्हणून उजवं पाऊल त्यावर ठेवलेलं. मांडीवर नात. नातीच्या पायांत घोट्याच्या वर येणारे, नाडीचे, तपकिरी बूट. असे लखलखीत की त्यांत खिडकी दिसावी.

"बूट काढू या का हिचे?" समोरची तरुण संशोधक बाई गुडघ्यांवर बसून म्हणाली.

"कशाला?"

"इथे मुलं अनवाणीच असतात. जमिनीचा अंदाज तळव्यांना कसा येतो, ते बघतोय आम्ही."

"आणि बुटांतून येत नाही अंदाज?"

"येतही असेल. तेच बघायचंय."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," म्हातारा म्हणाला आणि नाडी सोडायच्या ऐवजी त्याने ती जरा घट्टच केली.

या माणसाला सगळे चेकर म्हणत. गल्लीत चेकरसाहेब, घरात बायकोच्या तोंडी 'अहो चेकर', आणि डेपोत तर नुसतंच चेकर, कारण तिथे दुसरे चेकर असले तरी हा एकच चेकर होता. सारी नोकरी त्यांनी शहर बससेवेत तिकीट तपासण्यात घालवली. मधल्याच थांब्यावर चढायचं, मागच्या दाराने, आणि काही न बोलता आधी सगळ्यांचे पाय बघायचे. चेहरा काय, कुणीही सांभाळतो. ज्याच्याकडे तिकीट नसतं त्याची पावलं आधी आखडतात, मग दाराकडे वळतात. चेकर थेट त्या पावलांपाशी जाऊन उभे राहायचे.

"आत्ताच होतं हो हातात."

"शोधा. मला घाई नाही."

अशी मंडळी सापडली की डेपोत त्यांना एक खास शब्द होता: नमुना. "आज किती नमुने?" "दोन. एक तर झोपेचं सोंग घेऊन घोरत होता." नमुना म्हणजे पकडलेला. नुसता पकडलेला नव्हे, वर बहाणा करणारा. हा शब्द त्यांनी इतकी वर्षं इतक्या चवीने वापरला होता की त्याला दुसरा काही अर्थ असेल, हे त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. माणूस मात्र कोरडा नव्हता. पकडलेल्या म्हातारीला तंबी देऊन झाली की तिची पिशवी उचलून खाली उतरवून द्यायला हेच पुढे. पण संशय हा त्यांच्या अंगात असा मुरलेला, की दूधवाला वेळेवर आला तरी ते विचारत, "आज काय विशेष?"

आता नातीचं सांगायला हवं. नात अंगाने गोल आणि नाकाने चपटी, म्हणून तिचं नाव पडलं बटण. चेकरांची मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. जावई जहाजावर स्वयंपाकी, अर्धं वर्ष पाण्यावर. म्हणून मुलगी माहेरीच राही आणि ती दुकानात गेली की बटण आजोबांकडे. आजोबांकडे म्हणजे आजोबांच्या कडेवर. सकाळी पेपर वाचताना कडेवर, गच्चीत कपडे वाळत घालताना कडेवर, दाढी करताना तर कडेवरून ती साबणाचा फेस बोटाने पुसून घ्यायची आणि दोघं आरशात एकमेकांना बघून हसायची.

"ती तुमच्या कडेवर राहते की तुम्ही तिच्या?" आजी विचारायची.

"खाली फरशी गार असते."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तापते."

पहिला वाढदिवस होऊन बरेच दिवस झाले होते आणि बटण चालत नव्हती. रांगायची, तेही आजोबा झोपले की. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही नाही, पोरं आपल्या वेळेने चालतात. ते ऐकून चेकरांना जो आनंद झाला तो काळजी मिटल्याचा नव्हता, आणि ते आजीने बरोबर ओळखलं होतं. कारण असं की मुलीच्या दुकानाजवळ एक चांगलं पाळणाघर होतं. मुलीने तिथे आधीच बोलून ठेवलं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन लेकीला भेटता येईल, चार मुलांत ती रमेल. पण पाळणाघराची एक अट होती. तिथे फक्त चालणारी मुलं घेत. बटण चालायला लागली की त्याच आठवड्यात जायची.

चेकरांनी या अटीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त बाजारात जाऊन ते तपकिरी बूट घेऊन आले. "पायाला आधार हवा," म्हणाले. बूट असे कडक की बटण त्यांत उभी केली तर लाकडी बाहुलीसारखी जागच्या जागी राही आणि आजोबांकडे दोन्ही हात पसरी. चेकर रोज सकाळी ड्युटीच्या जुन्या ब्रशने ते बूट चमकवत.

स्वतःच्या मुलीचं चालणं त्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा पहाटेची पाळी, वर जादा पाळी. एकदा संध्याकाळी दार उघडून आत आले तर पोरगी खोली ओलांडून पाण्याच्या माठाकडे चाललेली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "परवापासून," बायको म्हणाली आणि पोळी उलटायला वळली. बस्स, एवढंच.

तर एके सकाळी मुलगी चहाचा कप ठेवत म्हणाली, "बाबा, कॉलेजात लहान मुलांच्या चालण्यावर संशोधन चाललंय. स्वयंसेवक हवेत. मी बटणचं नाव दिलंय."

"स्वयंसेवक? ही?" चेकरांनी कडेकडे बघितलं. बटण त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होती. "हिला विचारलंस?"

"अहो बाबा, नुसतं खेळायचंय. ते बघणार."

"कोण बघणार? काय बघणार? कुणाला सांगणार?"

"झाली चौकशी सुरू," आजी म्हणाली.

"फुकट कोण कुणाच्या पोराला खेळवतं? कुठेतरी पाणी मुरतंय." त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. मुलीची पावलं खुर्चीच्या पायाभोवती गुंडाळलेली होती. चेकरांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगी काहीतरी लपवत होती.

अशा रीतीने ते त्या निळ्या चटयांच्या खोलीत येऊन बसले होते. मुलगी त्यांना दारात सोडून दुकानात गेली होती. बुटांचा प्रश्न शेवटी बटणनेच सोडवला. तिने स्वतःच एक बूट ओढून काढला आणि संशोधक बाईच्या हातात दिला.

"फितूर," चेकर पुटपुटले.

"तुम्ही घरी वागता तसंच वागा," बाई म्हणाली. "मी मध्ये येणार नाही."

आता हे वाक्य चेकरांना मुळीच आवडलं नाही. घरी वागता तसं म्हणजे? घरी कसे वागतो हे हिला कुणी सांगितलं? त्यांनी सवयीने तिच्या पावलांकडे बघितलं. पण पावलं मोज्यांत, मोज्यांवर पिवळी बदकं. बदकांवरून काय कळणार? सारा जन्म बुटांवरून माणसं ओळखली आणि इथे आल्यावर निरक्षरासारखी अवस्था. एक मदतनीस ट्रे घेऊन गेला, आला; आवाज नाही. कोण कधी मागे येऊन उभं राहील, पत्ता लागू नये. हे तर आपल्यापेक्षाही पुढचे निघाले, असं त्यांना वाटून गेलं.

बटणला त्यांनी कडेवर घेऊन खोली दाखवली. "ही पायरी. हा बोगदा, यात जायचं नाही, आत काय असेल सांगता येत नाही. तो कॅमेरा, त्याच्याकडे बघायचं नाही." बटण बघत होती ती खाली.

थोड्या वेळाने चेकर हात धुवायला बाहेर गेले, बटणसकट. परतताना वळणावर त्यांना बाईचा आवाज आला. ती पाठमोरी, फोनवर.

"हो सर, आलाय नमुना. अगदी हवा होता तसा… नाही नाही, खाली सोडतच नाहीत… नको, काय दिसलं ते आत्ता बोलत नाही. कळलं की माणसं सावध होतात."

चेकर जागच्या जागी थिजले. नमुना! हा शब्द जिने उच्चारला तिला वाटलं असेल, किती साधा शब्द. पण चेकरांच्या कानांत डेपोची अख्खी खोली हसली. माझ्या नातीला नमुना? की मला? आणि सावध होतात म्हणजे? सावध तर चोर होतो!

त्यांनी बटणला बूट घातले, नाड्या आवळल्या, आणि बाईला फक्त म्हणाले, "आमची बस आहे."

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं.

"नमुना म्हणाली? मग बरोबरच म्हणाली," आजी म्हणाली. "मी लग्नापासून म्हणतेय."

"चेष्टा नको. हे पोरीला आपल्याकडून काढायचं चाललंय."

"कोण काढतंय?"

"तुझी मुलगी. पाळणाघरासाठी. पोरीला तिकडे नेऊन चालवायचं, कागदोपत्री पक्कं करायचं, आणि आपण बसायचं रिकाम्या हातांनी."

आजी त्यांच्या समोर येऊन बसली. "आपण नाही हो. तुम्ही. मला जरा कंबर टेकायला मिळेल." मग म्हणाली, "पोरगी चालली तर वाईट काय आहे त्यात?"

"मी कुठे वाईट म्हणालो?"

"म्हणा ना मग चांगलं. एकदा म्हणून दाखवा."

चेकर उठून गच्चीत गेले.

दुसऱ्या खेपेला मुलीने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. चेकरांनी फाटका मोजा बदलला होता आणि रात्रभर मनात सवाल रचले होते. खोलीत शिरताच, बटणला कडेवर सावरत, त्यांनी तोफ डागली.

"बाई, नमुना कुणाला म्हणालात?"

बाई गोंधळली. "नमुना? नमुना म्हणजे… अभ्यासासाठी निवडलेलं कुणीही. सॅम्पल. कापडाचा तुकडा दाखवतात ना नमुन्याला, तसं."

"आमच्या खात्यात त्याला वेगळा अर्थ आहे."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"थांब तू. आणि 'खाली सोडतच नाहीत' हे कुणाबद्दल? 'आत्ता बोलत नाही' हे काय?"

बाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे. "तुम्ही सांगितलं नाहीत यांना?"

चेकरांनी मुलीच्या पायांकडे बघितलं. मोज्यांतली असली तरी ही पावलं त्यांच्या ओळखीची होती. अंगठे एकमेकांवर चढले होते.

"हा अभ्यास नुसता मुलांचा नाही," बाई हळूच म्हणाली. "मूल ज्यांच्याकडे दिवसभर असतं, त्यांचाही आहे. ते मुलाला कधी उचलतात, कधी सोडतात. आम्ही मोठ्यांना तेवढं आधी सांगतोच. तुमच्या मुलीने सांगितलं, बाबांची हरकत नाही."

"असं?" चेकर म्हणाले.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का, बाबा?" मुलीचा आवाज चिरका झाला. "तुम्ही माझ्याही पायांवरून मला पकडता. मला एकदा तरी तुम्हाला न विचारता काहीतरी करायचं होतं."

बाई तांबडीलाल झाली होती. "चूक माझीच आहे. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. मागच्या वेळचं चित्रण मला ठेवता येणार नाही. आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकते."

खरं तर इथे चेकर जिंकले होते. संशय खरा ठरला, गुन्हा कबूल झाला, पुरावा नष्ट होणार. घरी जाऊन आजीला 'बघ, मी म्हणत नव्हतो?' एवढंच म्हणायचं बाकी होतं. पण चेकर पडले चेकर.

"थांबा," ते म्हणाले. "पुसायच्या आधी बघू तरी द्या. काय पकडलंत माझ्यात?"

टेबलावरचा पडदा उजळला. चेकरांनी चष्मा चढवला आणि वाकून नीट बघता यावं म्हणून बटणला खाली चटईवर ठेवलं. हे आपण केलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःला लांबून बघत होते. निळ्या चटयांवर एक ताठ म्हातारा, कडेवर मूल. मूल खाली वाकतं, एक पाय लांबवतं, पायाची बोटं फुलासारखी उघडतात, चटईला टेकायला निघतात. तोच म्हाताऱ्याचा हात येतो आणि मूल वर. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. कुठे पडलं नाही, ठेचकाळलं नाही, रडलं नाही. पडण्याच्या कितीतरी आधीच हात येतो. चित्राला आवाज नव्हता, त्यामुळे ते अधिकच स्पष्ट दिसत होतं.

चेकरांना खटकलं ते हाताचं नव्हे. चेहऱ्याचं. दर वेळी पोरगी वर आली की त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर एक समाधानाचं हसू यायचं. मिळवल्याचं. ते हसू आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

"चटई निसरडी होती," चेकर म्हणाले.

"नाहीये हो निसरडी," बाई म्हणाली.

"तिला त्या दिवशी सर्दी होती."

मुलगी पडद्याकडे बघत होती. तिनेही ते हसू पाहिलं होतं. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "पाळणाघरामुळे?"

चेकरांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, खूप वेळ. "माझ्यामुळे चालत नाही का ती?" त्यांनी विचारलं ते मुलीला नाही, बाईला.

"तसं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "एवढ्या एका गोष्टीवर ठरत नसतं ते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, आम्हाला खरंच अजून माहीत नाही."

हे उत्तर चेकरांना पटलं. बहाणा करणारा माणूस 'माहीत नाही' असं सरळ म्हणत नाही.

तेवढ्यात मुलीने त्यांची बाही ओढली.

बटण त्या बुटक्या पायरीला धरून उभी होती. अनवाणी, बूट दारातच कुणीतरी काढून ठेवले होते. तिची सगळी बोटं चटईत रुतलेली, आणि ती आपल्याच पायांकडे असं बघत होती की जणू ते आत्ताच कुणी आणून दिले. मग तिने पायरीवरचा हात सोडला.

चेकरांचे हात आपोआप पुढे झाले. पुढे झाले आणि अधांतरी थांबले. मग त्यांनी ते मागे नेले आणि पाठीशी एकमेकांत अडकवून धरले, चालत्या बसमध्ये दांडा धरावा तसे घट्ट.

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं ते जरा तिरकं. मग बटण धप्पकन बसली.

कुणी हललं नाही. बटणने मान वर करून आजोबांकडे बघितलं. रडायचं की नाही, हे लहान मुलं आधी आपल्या माणसाच्या तोंडावर वाचतात, आणि समोर तर असं तोंड होतं की ज्यावरून अख्ख्या शहरातल्या प्रवाशांना कधी काही कळलं नव्हतं. चेकरांनी तेच तोंड केलं. दगडासारखं.

बटणने थोडा विचार केला. दोन्ही हात चटईवर टेकले, ढुंगण वर केलं, आणि पुन्हा उभी राहिली. या वेळी ती आजोबांकडे आली नाही. बोगद्याकडे गेली, ज्यात जायचं नाही असं त्यांनी तिला बजावून सांगितलं होतं.

मुलगी रडत होती आणि हसत होती.

"चित्रण पुसू नका," चेकर म्हणाले. "मागचंही नको, हेही नको. आधी विचारलं नव्हतंत. आता दिली परवानगी."

परतताना दमलेली बटण पुन्हा त्यांच्या कडेवर होती, मान खांद्यावर टाकून गाढ झोपलेली. बूट मुलीच्या पिशवीत. उघडी पावलं चेकरांच्या कमरेवर हलकेच आपटत होती आणि चेकर रस्त्याच्या कडेने नेहमीपेक्षा फार सावकाश चालत होते. थांब्यावर आल्यावर मुलीने विचारलं.

"बाबा, रागावलात माझ्यावर?"

"खोटं बोललीस."

"हो."

"चांगलं बोलता येत नाही तुला. पाय आवरत नाहीत."

मुलगी हसली. मग जरा वेळाने, त्यांच्या तोंडाकडे न बघता, तिने विचारलं, "पुढच्या आठवड्यात पाळणाघरात सांगू का?"

बस आली. लोक उतरले, चढले. चेकरांनी झोपलेल्या नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं, ती नीट बसली आहे ना ते पाहिलं, आणि दाराच्या दांड्याला हात घालता घालता म्हणाले,

"सांग. पण तिथे दाराशी कोण बसतं, त्याला आधी मी बघणार."